'एरर येतेय' म्हणजे नेमकं काय होतंय?

सरकारी कामं ऑनलाईन झाल्यापासून आपल्याकडं तीन वाक्यं सगळ्यांना पाठ झालीत. 'सर्व्हर डाऊन आहे.' 'एरर येतेय.' 'उद्या येऊन बघा.' साताऱ्यात जा नाहीतर सांगलीत जा, सेवा केंद्र भर पेठेतलं असो की माण-आटपाडीच्या टोकाचं, वाक्यं हीच. केंद्र चालवणाऱ्या पोराचाही यात दोष नसतो. त्याच्या पडद्यावर जे दिसतं, तेवढंच तो सांगतो. आणि पडद्यावर बहुतेक वेळा काहीच सांगितलेलं नसतं.

आज त्या पडद्यावरच्या ओळीबद्दल लिहितोय. पोस्ट लांब झालीय. राजकारण कमी आहे, पण विषय तुमच्या-माझ्या पैशांचा आहे. वेळ काढून वाचा.

वीसेक वर्षं तालुका पातळीवर बातमीदारी करतोय. पूर्वी फोन यायचे ते रस्त्याचे, पाण्याच्या टँकरचे, डीपी जळाल्याचे, तलाठी भेटत नसल्याचे. हल्ली निम्मे फोन वेगळेच असतात. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, 'साहेब, हे काय आलंय बघा की जरा.' मी काय कॉम्प्युटरवाला नाही. पण मराठी वाचता येतं, इंग्रजी बऱ्यापैकी कळतं, तरी त्यातल्या निम्म्या ओळी मला कळत नाहीत. मग ज्या बाईनं चौथीत शाळा सोडली, तिनं काय समजायचं?

गेल्या वर्षीची गोष्ट. तासगाव भागातल्या एक मावशी, बेदाणा निवडायच्या कामाला जाणाऱ्या. एका योजनेचे पैसे बंद झाले म्हणून केंद्रावर गेल्या. पडद्यावर ओळ आली, 'तांत्रिक कारणास्तव आपली विनंती पूर्ण होऊ शकत नाही.' पोरानं सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्यांदा तालुक्याला गेल्या, तिथंही तीच. तीन रोज बुडाले, एसटीचं भाडं वेगळं. शेवटी कारण निघालं ते इतकंच, की आधारवर त्यांचं नाव माहेरचं होतं आणि बँकेत सासरचं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओळीत सांगता आली असती. मशीनला ती माहीत होती. दोन नावं जुळत नाहीत हे कळल्याशिवाय मशीन थांबलंच नसतं.

इथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. मशीनला माहीत असतं, मग आपल्याला का सांगत नाही?

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेटाबेसवर काम करतो. डेटाबेस म्हणजे सोप्या भाषेत सगळ्या नोंदींची वही. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं खातं, सगळं शेवटी कुठल्या तरी डेटाबेसमध्ये असतं. त्याला मावशींची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला, 'मामा, आमच्यात एरर कशी लिहायची याचे नियम आहेत. लेखी.' मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यानं खरंच दाखवलं.

पोस्टग्रेस्क्यूएल नावाचा एक डेटाबेस आहे. सगळे नुसतं पोस्टग्रेस म्हणतात. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याचं काम सुरू झालं आणि १९९६ साली त्याला आजचं नाव मिळालं. हा मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याचा कोड कुणालाही फुकट वाचता येतो, वापरता येतो, दुरुस्ती सुचवता येते. जगभरातले लोक मिळून तो सांभाळतात, पुण्यातही त्याच्यावर काम करणारे बरेच आहेत. या पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तकात एक आख्खा विभाग फक्त या विषयावर आहे, की चूक झाल्यावर माणसाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं.

भाच्यानं मला ते समजावून सांगितलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात सहा 'क'कार शिकवले होते. काय, कोण, कुठं, केव्हा, का, कसं. हे प्रकरण ऐकताना वाटलं, आमच्याच वर्गात बसलोय.

नियम असा. चुकीचा संदेश तीन भागांत लिहायचा. पहिला भाग म्हणजे मुख्य ओळ. ती छोटी असावी, फक्त घडलेली गोष्ट सांगावी, आत मशीनमध्ये कुठला पुर्जा हलला ते सांगू नये. दुसरा भाग तपशिलाचा. नेमकं कुठं, कुठल्या नोंदीत, कशामुळं. तिसरा भाग सूचनेचा, ज्याला ते हिंट म्हणतात. म्हणजे आता पुढं काय करून बघावं. आमच्या भाषेत सांगायचं तर मथळा, बातमी आणि शेवटी 'अधिक माहितीसाठी संपर्क'.

उदाहरण बघा. समजा वहीत एकाच आधार क्रमांकाची नोंद दोनदा करायला गेलात. पोस्टग्रेस पहिल्या ओळीत सांगतो की एकदाच चालणारी किंमत पुन्हा आलीय आणि त्यामुळं अमुक नियम मोडतोय. दुसऱ्या ओळीत सांगतो की अमुक रकान्यात अमुक आकडा आधीच आहे. सोबत २३५०५ असा एक ठरलेला संकेतांकही असतो. प्रोग्रामरला तेवढं पुरतं. रकान्याचं नाव लिहिताना अक्षर चुकलं, तर असा रकाना नाही एवढ्यावर तो थांबत नाही. '२०१६ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्तीपासून तो जवळचं नाव शोधून विचारतो, तुम्हाला हा रकाना म्हणायचा होता का?' असं भाचा म्हणाला. दुकानात चुकीचं नाव सांगितलं तर दुकानदार विचारतो ना, 'अमुक पाहिजे होतं का?' तसंच.

शब्दांचे नियम तर मला फारच आवडले. इंग्रजीत चुकीच्या गोष्टीला सर्रास 'इल्लीगल' म्हणायची सवय आहे. हे लोक म्हणतात, तो शब्द कायदा मोडल्यावर वापरायचा. तारीख चुकीची लिहिली म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. त्याला 'इनव्हॅलिड' म्हणा, म्हणजे ग्राह्य नाही एवढंच. आणि त्याहून चांगलं म्हणजे का ग्राह्य नाही ते सांगा. दुसरा नियम, 'अज्ञात' हा शब्द टाळा. 'अज्ञात एरर' म्हणजे काय? तुम्हालाच माहीत नाही तर आम्ही काय करणार? तिसरा, फाईल उघडता आली नाही असं सांगताना का उघडता आली नाही तेही लगेच सांगा. चौथा नियम 'सापडलं नाही' आणि 'अस्तित्वात नाही' यांतला फरक पाळायचा. ठरलेल्या जागी गोष्टच नसेल तर नाही म्हणून सांगा. शोधून मिळाली नसेल तरच सापडली नाही म्हणा.

हा चौथा नियम आपल्याकडं कुणी पाळला असता तर किती बरं झालं असतं! 'नोंद आढळली नाही' ही ओळ बघून किती म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. त्यांना वाटतं, जमीन गेली. पेन्शन गेली. खरं तर आकडा टाकताना एक शून्य कमी पडलेलं असतं.

आता आपल्याकडं या.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैपासून सुरू झाली. महिन्याला १५०० रुपये. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं सगळ्या बहिणींना ई-केवायसी करायला लावलं. त्या अर्जात एक मुद्दा होता तो असा, की कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाही. त्यापुढं निवडायचं होतं, होय किंवा नाही.

शांतपणे वाचा आणि स्वतःला विचारा. तुमच्या घरात कुणी सरकारी नोकर नसेल तर तुम्ही काय दाबाल? आपली मराठी कशी आहे? 'घरात कुणी नोकरीला नाही ना?' असं विचारलं की आपण म्हणतो, 'नाही.' म्हणजे बरोबर, कुणी नाही. अर्जाला मात्र 'होय' पाहिजे होतं. म्हणजे होय, हे वाक्य खरं आहे. ज्यांनी आपल्या बोलीप्रमाणं प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं, त्यांनी कागदावर कबूल केलं की आमच्या घरात सरकारी नोकर आहे! पुढं सरकारला एकदाच चूक दुरुस्त करायची संधी द्यावी लागली आणि ई-केवायसीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. दुरुस्ती बायकांची झाली. वाक्य कुणी लिहिलं, ते लिहून झाल्यावर पाच बायकांना वाचायला दिलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

पोस्टग्रेसच्या नियमांत 'नॉन-निगेटिव्ह' हा शब्दसुद्धा टाळा म्हटलंय. कारण त्यात शून्य धरायचं की नाही यावरून गोंधळ होतो. तिथं एका शून्यासाठी एवढा विचार. इथं दोन नकार एकावर एक ठेवले आणि घराघरात पाठवले.

त्याच ई-केवायसीत आधी पती किंवा वडील यांचा आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी लागत होता. ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिनं काय करायचं? त्या चौकटीत तिला जागाच नव्हती. ओरड झाल्यावर अंगणवाडी सेविकेकडं कागद द्यायची सोय झाली. प्रश्न तयार करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण असतं, ते अशा वेळी कळतं.

दुसरं उदाहरण पीएम-किसानचं. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. स्थिती तपासायला गेलं की शेतकऱ्याला काय काय दिसतं? 'आरएफटी साईन्ड बाय स्टेट'. 'एफटीओ इज जनरेटेड अँड पेमेंट कन्फर्मेशन इज पेंडिंग'. आरएफटी म्हणजे रिक्वेस्ट फॉर ट्रान्सफर, एफटीओ म्हणजे फंड ट्रान्सफर ऑर्डर. ही मंत्रालय आणि बँकेची आपसातली भाषा आहे. शेतकऱ्याला एवढंच पाहिजे, की राज्यानं मंजुरी दिलीय, पैसे निघायचे आहेत, तुम्हाला काही करायचं नाही. तेवढं लिहा की.

आणि 'लँड सीडिंग : नो'. यावर हसावं की रडावं? शेतकऱ्याच्या पोराला शाळेत सीड म्हणजे बी आणि सीडिंग म्हणजे पेरणी असं शिकवलेलं असतं. रानात सोयाबीन गुडघ्याला लागलंय आणि सरकार म्हणतंय पेरणी नाही! या शब्दाचा इथला अर्थ आहे, की तुमच्या जमिनीची नोंद योजनेच्या यादीला जोडलेली नाही, त्यासाठी तहसील नाहीतर कृषी कार्यालयाकडं जा. ही माहिती तीन शब्दांत दडपून ठेवलीय.

हाच सीडिंग शब्द बँकेत पुन्हा भेटतो. बँकेत विचारलं तर सांगतात, तुमचं आधार खात्याला लिंक आहे. पोर्टल म्हणतं, आधार सीडिंग नाही. दोघंही खरं बोलतात! खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची एनपीसीआयकडं नोंद करणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जिथं नोंद झाली तिथं पैसे जातात. किती जणांचे पैसे 'आले नाहीत' असं वाटतं आणि ते जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. पोर्टलनं नुसतं एवढं सांगावं, 'तुमचे पैसे सध्या अमुक बँकेतल्या खात्यात जातात.' अर्धी हेलपाटी थांबतील.

तिसरं उदाहरण बोटांचं. ऊसतोड करणारे, हळद शिजवणारे, वीटभट्टीवर राबणारे, भांडी घासणाऱ्या बायका. यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा लावला की मशीन नको म्हणतं. केंद्रावर काय ऐकायला मिळतं? 'आजी, तुमचं बोट चालत नाही.' म्हणजे दोष आजीच्या बोटाचा! आयुष्यभर राबली हाच तिचा गुन्हा.

खरं तर आधारच्या यंत्रणेत प्रत्येक नकाराला वेगळा आकडा ठरलेला आहे. ३०० म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. ३३० म्हणजे आधारधारकानं स्वतःच बायोमेट्रिक लॉक केलंय. ४०० म्हणजे ओटीपी चुकीचा. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. ३०० ला दुसरं बोट लावून बघायचं, डोळ्याची बुबुळं नाहीतर चेहरा वापरायचा. ३३० ला लॉक काढायचं. ४०० ला नवीन ओटीपी मागायचा. पण लोकांपर्यंत पोचताना तिन्हींचं एकच होतं, 'आधार फेल'. वैद्याला ताप, खोकला आणि हगवण सांगितली आणि त्यानं तिन्हीला 'तब्येत बरी नाही' एवढंच लिहून दिलं, तसला प्रकार.

म्हणजे रोगाचं मूळ कुठं आहे ते लक्षात येतंय का? खाली डेटाबेस नेमकं बोलतो. आधारची यंत्रणा आकडा देते. मधल्या कुणीतरी, पोर्टल तयार करताना, या सगळ्यावर एकच झाकण ठेवलं. काहीही बिघडलं तरी एकच ओळ दाखवा. काम वाचतं, प्रश्न येत नाहीत. बातमीदारानं आठ मुद्दे पाठवावेत आणि डेस्कवरच्यानं 'शहरात काहीतरी घडले' एवढाच मथळा छापावा, तसं हे झालं.

भाच्याला मी हेच विचारलं. त्यानं दुसरी बाजूही सांगितली, ती लिहायलाच पाहिजे. डेटाबेसची ओळ जशीच्या तशी लोकांना दाखवणंही चूक आहे. त्यात आतल्या तक्त्यांची नावं असतात, ती चोराच्या कामाची. लॉगिन करताना नाव चुकलं की पासवर्ड चुकला, हे मुद्दाम सांगत नाहीत. नाहीतर दुसऱ्याचं खातं फोडणाऱ्याला अर्धं उत्तर मिळतं. दुसऱ्याचा आधार क्रमांक टाकून माहिती काढणारे भामटेही कमी नाहीत. हे मला पटलं. पण तो पुढं म्हणाला, 'लपवायचं ते लपवा, पण ज्याची नोंद आहे, ज्यानं ओटीपी देऊन आपली ओळख पटवलीय, त्याला त्याच्याच नोंदीत काय चुकलंय ते सांगायला काय हरकत?' काहीच नाही.

कुणी म्हणेल, आपली साधी माणसं, त्यांना एवढा तपशील कळणार आहे का? सांगलीकरांना तरी हे कुणी सांगू नये. पावसाळ्यात सांगलीतलं शाळकरी पोरही सांगतं, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटावर आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तो आकडा आजही कुणी विसरलेलं नाही. पाटणकडून बातमी येते, कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. साताऱ्यात सोडलेलं पाणी सांगलीत कधी पोचेल याचा हिशेब माणसं पारावर बसून करतात. क्युसेक हा शब्द तरी कुठं आपला आहे? पण लोकांनी तो शिकला, कारण त्याच्यासोबत उपयोग होता.

त्या पुराच्या संदेशात बघा सगळं आहे. काय झालं, पाणी वाढलं. कुठं, आयर्विनजवळ. किती, अमुक फूट. मर्यादा काय, ४० आणि ४५. पुढं काय करायचं, जनावरं सोडा, सामान वर घ्या, घर सोडा. पोस्टग्रेसच्या लोकांनी जे तीन भाग सांगितले तेच आपण कृष्णेच्या काठावर वापरतोय. विचार करा, पुराच्या वेळी पाटबंधारे खात्यानं नुसतं एवढंच सांगितलं असतं, 'तांत्रिक कारणास्तव नदीत अडचण आली आहे. कृपया नंतर प्रयत्न करा.' चाललं असतं का?

आता भाषेचा मुद्दा. मराठी हवं म्हणून ओरडलं की पोर्टल मराठीत होतं, पण ते मराठी कसलं? 'प्रमाणीकरण अयशस्वी'. 'अवैध निविष्टी'. हे वाचून माणूस म्हणतो, त्यापेक्षा इंग्रजीच ठेवा. वाईला विश्वकोशाचं कार्यालय आहे, आपल्याच सातारा जिल्ह्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं बसून जगातलं ज्ञान मराठीत आणायचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. ते काम ज्ञानाचं होतं, त्याला परिभाषा लागते. पण रेशन दुकानातल्या मशीनला परिभाषा लागत नाही. तिथं 'अंगठा जुळला नाही, दुसरं बोट लावा' एवढं पुरतं.

आणखी एक गंमत. पोस्टग्रेसच्या नियमांत अनुवादाबद्दल लिहिलंय, की वाक्याचे तुकडे करून ते नंतर जोडू नका, कारण दुसऱ्या भाषेत शब्दांचा क्रम आणि रूप बदलतं. मला लगेच आपली पोर्टलं आठवली. 'आपला खाते आढळली नाही.' 'आपली अर्ज मंजूर झाले आहे.' असं अडाणी मराठी कुठून येतं, ते आता कळलं. 'आपला' एकीकडून येतो, 'खाते' दुसरीकडून, 'आढळली नाही' तिसरीकडून, आणि मशीन ते शिवून टाकतं. इंग्रजीत चालून जातं, तिथं लिंगाचा प्रश्न नाही. मराठीत अर्ज तो, नोंद ती, खातं ते. प्रत्येक वाक्य पूर्ण लिहावं लागतं. ते काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. एखाद्या चांगल्या मराठीच्या मास्तरांना आठवडाभर बसवलं तर एका पोर्टलचं होऊन जाईल.

शेवटचा मुद्दा हक्काचा. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ज्या सेवा त्याखाली अधिसूचित आहेत, त्यात अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि अपील कुणाकडं करायचं तेही सांगावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत करता येतं. अधिकाऱ्यानं कारण न देता कागद परत केला तर आपण भांडू शकतो. मशीननं कारण न देता परत केला तर? तिथं नकारही नाही आणि होकारही नाही. अर्ज दाखलच झाला नाही म्हणजे नाकारलाच नाही, मग अपील कशाचं? बेदाण्यावाल्या मावशींचा अर्ज कुणीही नामंजूर केला नव्हता. त्यांना नुसतं दारात उभं ठेवलं होतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. कारण न सांगणारी ओळ म्हणजे न लिहिलेला नकार आहे.

म्हणून आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडं, आमदार-खासदारांकडं आणि ही पोर्टलं बनवणाऱ्यांकडं चार साध्या मागण्या.

१) प्रत्येक नकाराच्या ओळीत तीन गोष्टी पाहिजेत. काय अडलं, कुठल्या कागदात किंवा नोंदीत अडलं, आणि आता कुठं जायचं.

२) प्रत्येक अडचणीला एक क्रमांक द्या आणि त्या क्रमांकांची मराठी यादी प्रत्येक सेवा केंद्रात भिंतीवर लावा. रेटकार्ड लावता, तशीच.

३) माणसाला काहीच करायचं नसेल, सर्व्हर खरंच बंद असेल, तर तसं स्पष्ट सांगा. 'बिघाड आमच्याकडचा आहे, तुमचा अर्ज बरोबर आहे.' या एका वाक्यानं किती जीव भांड्यात पडतील!

४) कुठलाही अर्ज लोकांसमोर आणायच्या आधी जत, खानापूर, खटाव, पाटण अशा चार तालुक्यांतल्या दहा-दहा बायाबापड्यांना वाचायला द्या. जिथं त्या अडखळतील, तिथलं वाक्य बदला. त्यांना बदलायला जाऊ नका.

पोस्टग्रेससारख्या मुक्तस्रोत प्रकल्पात एखादी ओळ कळली नाही तर कुणीही उठून सांगू शकतो, ही अशी करा, आणि त्यावर उघड चर्चा होते. आपल्या पैशातून झालेल्या पोर्टलवर आपल्याला तेवढाही अधिकार नाही. निदान सूचना घ्यायला एक खिडकी तरी ठेवा.

आणि आपण काय करायचं? 'एरर येतेय' एवढ्यावर घरी यायचं नाही. केंद्रावरच्या दादाला शांतपणे म्हणायचं, 'ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा, आकडा असेल तर तो लिहून द्या.' पडद्याचा फोटो काढायचा, तारीख-वेळ टिपून ठेवायची. तो कागद हातात असेल तर तहसीलमध्ये बोलणं वेगळं होतं, हा माझा अनुभव आहे. त्या पोरावर मात्र ओरडू नका. तोही त्याच ओळीपुढं बसलेला आहे.

तुमच्याकडं अशा न कळणाऱ्या ओळी असतील तर खाली लिहा, नाहीतर स्क्रीनशॉट पाठवा. आधार क्रमांक, मोबाईल नंबर, खातं नंबर झाकून पाठवा, तेवढं आवर्जून सांभाळा. पन्नासेक जमल्या की प्रत्येकीपुढं साध्या मराठीत ती कशी असायला हवी ते लिहून, दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत देणार आहे. भाच्यानं तांत्रिक बाजू बघायचं कबूल केलंय. मराठीची बाजू आपण सगळे मिळून बघू.